उशिराचं कारण

गुरुवार, २ नोव्हेंबर

आज दुकानात एक दंतवैद्य बाई आल्या. चार दिवस समुद्रात डायव्हिंग करायचं आहे म्हणाल्या. लेकीने त्यांना सिलिंडर, मास्क, बोट सुटायची वेळ सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डायव्हिंगच्या अपघाताचा विमा लागतो का तुमच्याकडे?" सक्ती नाही, असं लेकीने सांगितलं. का नाही, असं बाईंनी विचारलं. तेव्हा लेक माझ्याकडे बघायला लागली.

मी काउंटरमागे पावत्या लावत बसलो होतो. सगळी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात झाली. दावा खरा की खोटा, मंजूर की नामंजूर, हे ठरवायचं काम. निवृत्त झालो, पुढे ही गेली, आणि तेव्हापासून लेक-जावयाच्या डायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर माझा मुक्काम आहे. पाण्यात मी स्वतः घोट्याच्या वर कधी गेलेलो नाही.

संध्याकाळी लेक म्हणाली, बाबा, सीझन तोंडावर आलाय, आता हे तुम्हीच ठरवा. विमा नसेल तर बोटीत घ्यायचं की नाही? तुम्ही सांगाल तो नियम. जावईबापूही हसून म्हणाले की बाबांचा निकाल आम्हाला मान्य. आज भाजी कोणती करायची यापलीकडे मला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं गेल्या कित्येक दिवसांत. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

शनिवार, ४ नोव्हेंबर

चौकशी सुरू केली आहे. आधी दुखणं काय, ते समजून घेतलं. लेक सांगते की खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो. सावकाश वर आलं तर तो निघून जातो. घाईने आलं, किंवा वर येऊन लगेच विमानात बसलं, तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांध्यात, पाठीच्या कण्यात, कुठेही जाऊन अडकतात. या लोकांत त्याला बेंड्स म्हणतात. उपाय एकच. चेंबर म्हणून एक लोखंडी खोली असते, तिच्यात माणसाला बसवून हवेचा दाब वाढवायचा आणि हळूहळू उतरवायचा. तसा चेंबर फक्त शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहे.

आता विम्याच्या बाजूने. नेहमीच्या आरोग्य विम्यात 'साहसी खेळ वगळून' असं बारीक अक्षरात असतं. त्या तीन शब्दांवर मी स्वतः किती दावे उडवलेत. म्हणजे ज्याला वाटतं आपला विमा आहे, त्याचा या कामापुरता नसतोच. ही बाब गंभीर आहे.

विरुद्ध बाजूने जावईबापू. त्यांचं म्हणणं, इतक्या वर्षांत आमच्या एकाही माणसाला काही झालेलं नाही. विमा मागितला की गिऱ्हाईक बिचकतं आणि शेजारच्या दुकानात जातं. दातवाल्या बाईंनी त्यांना सरळच विचारलं की तुमचा स्वतःचा कोणता आहे? तर म्हणाले, "माझी शिस्त हाच माझा विमा. नियमात राहणाऱ्याला पाणी काही करत नाही." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं दात रोज घासतो म्हणणाऱ्या पेशंटकडे पाहत असाव्यात. लेक मात्र म्हणाली, नियमात राहूनही होतं. त्यावरून दोघांचं जरा वाजलं. रात्री जेवताना ताटात बघूनच सगळे जेवले.

माझा कल अजून कुठेच नाही. पण जावयांच्या बोलण्यात तथ्य आहे असं वाटतं. जे कधी घडलंच नाही, त्यासाठी लोकांना पैसे भरायला लावायचे, हा धंदा मी आतून पाहिलेला आहे.

रविवार, ५ नोव्हेंबर

आज बोट दोनदा जाऊन आली. दुसऱ्या खेपेला निघताना नांगर खडकात अडकला. बोटवाल्याला इथे सगळे कप्तान म्हणतात. तो काउंटरवर चहा पिता पिता रंगवून सांगत होता. दोर कापू म्हणालो तर तुमचे जावई ऐकेनात, नवा नांगर आहे म्हणाले. तिसऱ्यांदा खाली गेले, वर आले, परत गेले, आणि शेवटी नांगर सुटला तेव्हा बाटलीच्या बुचासारखे वर आले. कप्तानला या गोष्टीचं फार कौतुक. लेक तेव्हा पोहण्याच्या तलावात नवशिक्यांना शिकवत होती.

जावई आले ते दमूनच. खांदा दुखतोय म्हणाले. नांगर ओढल्यावर दुखणारच. मी मलम दिलं. तिला सांगू नका, उगाच काळजी करेल, असं मला म्हणाले. बायकोशी भांडण झालं की खांदासुद्धा लपवावा लागतो. आम्हीही यातून गेलो आहोत.

सोमवार, ६ नोव्हेंबर

आज शहरात जाऊन आलो. एजंटाकडून पॉलिसीच्या अटी प्रत्यक्ष आणायच्या होत्या. माहितीपत्रकावर मी कधी निकाल दिला नाही, पूर्ण अटी वाचल्याशिवाय सही नाही. शहर आपल्याच किनाऱ्यावर आहे, पण मधे डोंगर आडवा येतो, म्हणून घाटातून जावं लागतं. लेक सकाळीच बोट घेऊन गेलेली. मी जावयांना म्हटलं, तुम्हीच गाडी काढा.

"बाबा, काल बुडी मारली आहे," ते म्हणाले. "आज घाट नको."

मी नोकरीत सबबींचा मोठा साठा ऐकलेला आहे, पण ही नवीन होती. मला आधीच संशय होता की त्यांना हे विम्याचं प्रकरण लांबवायचं आहे. मी म्हटलं, घाट म्हणजे काय विमान आहे का? अटी वाचायच्याच नसतील तर तसं स्पष्ट सांगा, मी बसने जातो. ते काहीतरी बोलणार होते. मग किल्ल्या उचलल्या.

घाटमाथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. वरून समुद्र छान दिसतो. म्हटलं, बघू दे, राग निवेल. परत आले तर कपाळ घामाने ओलं, एवढ्या गार वाऱ्यात. पुढे सगळा रस्ता एका हाताने गाडी चालवली. मी त्यावरही बोललो. येताना म्हणाले, आपण घाटातून गेलो हे तिला सांगू नका. दुकान बंद ठेवून गेलो होतो ना, म्हणून. मी कबूल केलं. कागद एजंटाने पाठवले असं समजेल ती.

अटी व्यवस्थित आहेत. चेंबरचा खर्च, रुग्णाला हलवण्याचा खर्च, शोधकार्य. दिवसरात्र चालू असलेला एक फोन नंबर आहे, डॉक्टरांचा सल्ला घ्यायला. ही असली शोभेची कलमं मी फारशी धरत नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर, सकाळ

घरात एकच बाथरूम आणि जावई आत जाऊन बसले की बाहेर येण्याचं नाव नाही. आज मी दोनदा दार वाजवलं. आतून पाण्याचा आवाजसुद्धा नाही. बाहेर आले ते पांढरे पडून. मी म्हटलं, आत समाधी लागली होती का? हसले नाहीत. शर्टाची बटणं खालीवर लावलेली. चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले तो टेबलाच्या अलीकडेच सोडला. फुटला. रागाने कप फोडणारी माणसं मला आवडत नाहीत, पण जावई म्हटल्यावर आपणच जिभेला आवर घालायचा.

काल रात्री खाली दुकानातच झोपले. घोरतो म्हणून, म्हणाले. लेकीला वाटतंय अजून रुसवा आहे. मी तिला म्हटलं, एका विम्यावरून पुरुषाने इतकं तोडून वागावं हे बरं नाही. तीही चिडलेलीच आहे. म्हणाली, वागू दे, मी आधी बोलणार नाही.

माझा निकाल तयार आहे. सक्ती नको. गिऱ्हाइकाला माहिती द्यावी, त्याची सही घ्यावी, पुढे ज्याची त्याची मर्जी. अपघाताची शक्यता फार कमी, खर्च नक्की, आणि आपल्याकडची शिस्त चांगली. आज जेवताना वाचून दाखवणार. जावयांचा चेहरा तरी उजळेल.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. क्रमाने लिहितो, नाहीतर सुचणार नाही.

मंगळवारी दुपारी लेक तलावावरून आली. जावई दुकानातून जिन्याकडे निघाले होते. मी आणि ती, दोघेही बघत होतो. चार पावलं गेल्यावर त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निघून मागे राहिली. ते तसेच पुढे गेले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर अनवाणी पाय ठेवला, आणि तरी त्यांना कळलं नव्हतं.

मला हसू आलं होतं. लेकीने हातातली पिशवी टाकली.

तिने त्यांना तिथेच पायरीवर बसवलं आणि तळपायाला नखाने टोचलं. कळतंय का? नाही. इथे? नाही. लघवी कधी झाली होती? ते माझ्याकडे बघून म्हणाले, काल सकाळी. मी दार वाजवत होतो तेव्हा ते आत त्यासाठी उभे होते.

आता कुणाला विचारायचं, हे तिला सुचेना. गावातल्या डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही. मी आणलेल्या कागदांवरचा नंबर तिनेच बघितला आणि फिरवला. मला वाटलं, आधी पॉलिसी नंबर मागतील. पलीकडच्या बाईंनी विचारलं, काय होतंय आणि कधीपासून. बराच वेळ फक्त तेवढंच. आम्ही त्या विम्याचे सभासद नाही हे लेकीने आपणहून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की ते नंतर बघू, आधी त्यांना आडवं करा, तुमच्याकडचा ऑक्सिजन लावा, आणि तुमच्या शहरात चेंबर आहे तिथे मी कळवते. लेक त्यांचं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत होती, मला आणि कप्तानला ऐकू जावं म्हणून.

"घाटातून न्यायचं नाही," ती म्हणाली.

जावयांनी डोळे मिटले. मी विचारलं, घाटातून का नाही? "उंचावर हवेचा दाब कमी होतो, बाबा. बुडबुडे आणखी फुगतात. विमानासारखंच." मी म्हटलं, आम्ही काल गेलो होतो. तिला ऐकूच आलं नाही असं आधी वाटलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

घाट नाही म्हटल्यावर उरला समुद्र. विमा असता तर त्या बाई हेलिकॉप्टर पाण्यालगत उडवून आणवणार होत्या, तसं कलम आहे, मीच वाचलेलं. आमच्यासाठी कप्तानची बोट होती. त्याने फळ्या टाकून गादी अंथरली. डोंगराला वळसा घालून जायचं, तर लाट अंगावर येत होती. लेक ऑक्सिजनचा मास्क धरून त्यांच्या डोक्याशी, आणि मी पायाशी. तो पाय मी सगळा रस्ता हातात धरला होता. त्यांना ते कळत नव्हतं.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हॉस्पिटलची माणसं धक्क्यावर उभी होती. त्या बाईंनी खरंच कळवलं होतं.

आत नेण्याआधी चेंबरच्या डॉक्टर आल्या, लेकीच्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, दुखणं रविवारी सुरू झालं आणि आज मंगळवार, इतका उशीर का? जावयांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "माझ्या लक्षात आलं नाही."

हे वाक्य ऐकण्यात माझा जन्म गेला आहे. उशिरा आलेल्या प्रत्येक दाव्यात ते असतं, आणि माणसं ते अगदी डोळ्यांत डोळे घालून म्हणतात. जावई कुठेच बघत नव्हते. खोटं बोलत होते. मला खोटं लगेच कळतं, आणि हे माझ्यासाठी होतं, तेही कळलं.

मी म्हटलं, "त्यांच्या लक्षात आलं होतं. घाट नको, असं ते मला म्हणाले होते. मी त्यांना नेलं."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. किती उंचीचा घाट, वर किती वेळ होतात, तेव्हा दुखणं वाढलं का, एवढं विचारून लिहून घेतलं. त्यांना तेवढंच हवं होतं. मला वाटत होतं कुणीतरी ओरडावं. मग लोखंडी दार लागलं.

सोमवार, १३ नोव्हेंबर

चेंबरच्या रोज फेऱ्या चालू आहेत. काल त्यांची लघवी आपोआप झाली. या बातमीवर मी आणि कप्तानने हॉस्पिटलच्या दारात चहा घेतला, आणि कप्तानच्या डोळ्यांत पाणी आलं. दोर कापायलाच हवा होता, हे तो सारखं म्हणतो. मी त्याला म्हटलं, तुझा नंबर माझ्यानंतर. लेक माझ्याशी कामापुरतं बोलते. गोळ्या आणा, चादर द्या. तेवढं तरी बोलते.

आज ती आंघोळीला गेली होती तेव्हा मी जावयांजवळ बसलो. विचारलं, रविवारीच का नाही बोललात?

"बाबा, मी शिकवतो ना लोकांना. अंगात जरा वेगळं वाटलं की लगेच सांगा, लपवू नका, हे माझं पहिल्या दिवसाचं भाषण असतं. आणि मी एका नांगरापायी नियम मोडून वर आलो. सांगितलं असतं तर लगेच ऑक्सिजन, मग चेंबर, बोट बंद, सीझन बुडाला. त्या दातवाल्या बाईंपुढे मोठ्या तोंडाने बोलून बसलो होतो. म्हटलं, नांगरानेच दुखत असेल. सकाळपर्यंत जाईल."

मी विचारलं, आणि विमा असता तर? तो खांदा तसाच दुखला असता.

"तर फोन केला असता," ते म्हणाले. "नुसता विचारायला. घरात कुणाला कळलं नसतं."

मग म्हणाले, घाटाचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका, किल्ल्या मी उचलल्या. मी म्हटलं, मनाला लावून घेणार आहे. ते हसले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

इतकी वर्षं मी समजत होतो, विमा म्हणजे झालेल्या नुकसानाची भरपाई. झाल्यावर माणूस माझ्या टेबलापाशी यायचा आणि मी त्याला उशीर का झाला हे विचारायचो. उशीर होण्याआधी तो कुठे जात असेल, कुणाला विचारत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. तो आमच्यासारख्याच कुणाच्या तरी घरात बसलेला असणार आणि दार कुणीतरी वाजवत असणार.

सोमवार, ४ डिसेंबर

सगळे घरी येऊन आठवडा झाला. जावई काठी घेऊन चालतात. डाव्या तळपायाला गरम-गार अजून कळत नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर तरी पाणी नाही. त्यानंतरचं विचारलं तर त्या दुसरं काहीतरी बोलतात. ते काउंटरवर बसतात आणि बोट सुटायच्या वेळी मागे गोदामात जाऊन काहीतरी आवरतात. लेक तेवढा वेळ बोटीवरून मागे वळून बघत नाही. याची भरपाई कुठल्या कलमात बसत नाही.

निकाल लागू झाला आहे. डायव्हिंगचा विमा असल्याशिवाय आमच्या बोटीतून पाण्यात कुणी नाही. आधी लेक आणि तिच्या हाताखालचे दोघे शिक्षक, मग गिऱ्हाइकं. मंगळवारच्या जुन्या निकालाचा कागद मी फाडला नाही, डायरीतच ठेवलाय. पहिल्याच दिवशी तिघेजण नाक मुरडून शेजारच्या दुकानात गेले. जावयांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, तिकडे उतरलात तरी हा नंबर जवळ ठेवा, सभासद नसलात तरी उचलतात.

आज दुपारी जेवताना जावई मधेच थांबले. "जरा सांगून ठेवतो," म्हणाले, "डाव्या मांडीत मुंग्या येताहेत. सकाळी नव्हत्या."

लेकीचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, अहो, बसून बसून आल्या असतील, जेवा तुम्ही. तसंच असेल, मलाही वाटलं. सकाळपासून खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पायाला मुंग्या येतातच.

मी उष्ट्या हाताने उठलो आणि फोन लावला. त्याच बाईंनी उचलला. काय होतंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थांबा, ते स्वतः सांगतील, आणि फोन जावयांच्या कानाला धरून उभा राहिलो.